तळहाताएवढा बोर्ड

“‘आपल्यामागं दुसऱ्याला दुरुस्त करता यावं, असं सर्किट काढत जा.’ पंपाचं काम शिकवताना बारकूमामा मला हेच सांगून गेले रे.”

शहापूरच्या एसटी स्टँडवर मुरबाडच्या गाडीची वाट बघत सुमतीबाई संकष्टीचा जप करत होत्या. शेजारच्या बाकावरच्या मुलीचे हे शब्द कानी पडले आणि त्यांचा मणी बोटातच राहिला. मुलीच्या मांडीवर पाण्याच्या पंपाचा जळका सर्किट बोर्ड होता आणि शेजारी तिच्याच वयाचा एक मुलगा बसला होता.

“योगिनी, मामा सर्किटचा नकाशा कागदावर पेनानं काढायचे. आपण कॉम्प्युटरवर काढणार. माझी सॉफ्टवेअरची सीडी घाल, अख्खा बोर्ड एका दमात होईल.”

“चोरीची सीडी ती, किशोर.”

“सगळे तीच वापरतात गो! तुझ्या फुकटच्या सॉफ्टवेअरात तळहाताएवढाच बोर्ड बसतो.”

“मग दोन काढीन. मधी तारांनी जोडीन.”

“दोन तळहात जोडलेस म्हणजे नमस्कारच झाला! दुप्पट काम. आन् शनवारी पाड्याला पाणी देते म्हणून पाड्यावरच्या बाईजाला शब्द देऊन बसलीस.”

“दिलाय. पन उद्या मी इथं नाय, आन् बोर्ड परत जळला, तर? फुकटचं कुनीपन उतरवून घेईल, माझी फाईल उघडंल. तुझी सीडी कुठं शोधत बसतील?”

“मामांचा नकाशा कुठाय?”

“पंपाच्या पेटीत, झाकनाला आतून चिकटवलेला. म्हनून तर मला जमतंय.”

किशोरनं सीडी परत पिशवीत टाकली आणि डबा पुढं केला.

“डबा तरी खाऊन जा गो.”

“आटगावला कॉम्प्युटरपाशी जाऊन खाईन.”

तिनं बोर्ड ओढणीत नीट गुंडाळला आणि ती रिक्षाच्या रांगेकडे चालू लागली.