लिओ कामून चावला

तिथंच थांबा ताई, आधी मूठ उघडा — काय घातलं आत्ता आमच्या कुत्र्याच्या तोंडात? कलेजी? उकडलेली? मग दाखवायला काय जातंय. हां, कलेजीच हाय. राग नका धरू, गेटावर बसणाऱ्या माणसाला शक करावाच लागतो, काकासाहेबांनं ठेवलाय त्याचसाठी. मागल्या गल्लीतल्या बंगल्याचं कुत्रं असंच कोणीतरी बिस्किट दाखवून, गोड बोलून नेलं. आता तुम्ही योगिनी मॅडम, कुत्र्यांच्या मास्तरीण, व्हय, सायबांनं सांगितलंय मला — पण मास्तरीण म्हणावं तर हातात छडी नाय, नुसतं कमरेला कलेजीचं पाकीट आन ते टिकटिक वाजणारं खेळणं. लिओ बसला की टिक, मग तुकडा. तुमच्याकडं बघितलं की टिक, मग तुकडा. हे कसलं शिकवणं? आमच्यात ह्याला लाच म्हणतात. माह्या कळपाला दोन कुत्री होती, दीडशे मेंढरं राखायची, त्यांना कोणी कलेजी चारली? दिवस मावळला की अर्धी भाकर, आन चुकलं तर मी डोळे वटारायचो, झालं शिक्षण. असू दे, तुमचं काम तुमच्यापाशी, मी कशाला मधी बोलू. पण तीन दिस झाले, तुम्ही कुत्र्याशी कमी आन माह्याशीच जास्ती बोलू ऱ्हायल्या, ते कामून?

कधी फिरवता, कुठं बांधता, घरचे गावाला गेले तव्हा त्याच्यापाशी कोण होतं — हे काय कुत्र्याचे प्रश्न हायत? हे माह्यावरचे प्रश्न हायत. परवा सकाळी सातला आल्या, काल बी सातला, आन आज बरोबर अकराला. म्हंजी मी त्याला ह्या टायमाला फिरवतो ते कोणीतरी तुमच्या कानात घातलंय. घातलंय ना? व्हय, फिरवतो अकराला. सकाळी टँकर येतो, कधी आठला, कधी दहाला, नळाला दहा-दहा दिस पाणी नाय, हौदापाशी पाइप धरून मीच उभा — मला फुरसत कधी? आन उन्हाचं काय घेऊन बसलात, सारी जिंदगी वेरूळच्या डोंगराखालून उन्हातच चाललो, माही कुत्री बी चालली. — काय करू ऱ्हायल्या? रस्त्यावर हात कामून टेकवला? पालथा? सात मोजेस्तोवर ठेवायचा, नाय ठेवता आला तर त्याचे पाय बी भाजत असतील, असं म्हणता? अहो मेंढक्याचा हात हाय हा, ह्याला काय होतंय. सरका. एक. दोन. तीन. चा — हं.

थांबा जरा. हितं डांबर नव्हतं ताई. तुम्ही शाळेत असाल तव्हा हे सारं लेआउट काकासाहेबांचं काळं रान होतं, आन आता हे गेट हाय ना, ह्याच जागी माही मेंढरं बसायची. खत पडावं म्हणून शेतकरी बसवून घेतात, आठ-आठ दिस ऱ्हायचो, सायबांची आई पाटीभर ज्वारी द्यायची. दोन हजार तेराच्या दुष्काळात चारा गेला, पाणी गेलं, मेंढरं इकली, मागून रानाचे प्लॉट पडले. सायब म्हणले, मुंजाबा, ये गेटावर. आलो. जागा तीच, मी तोच, म्हणून वाटलं पाय बी तसेच चालतील. चुकलंच. उद्यापासून दिस उगवायच्या आधी नेतो त्याला, टँकर यायच्या आत परत आणतो. बास? एवढ्यासाठी वही नका काढू. ठेवा ती आत.

त्याचे केस गेले ते परत कामून विचारता? सांगितलं ना परवा, चर्मरोग झाला. घरचे आठ दिस पुण्याला लग्नाला गेले, नेमका तव्हाच झाला, मी दवाखान्यात नेला, त्यांनं काढले केस. कोणता म्हंजी — शहरातल्या छावणी भागातला. बाजाराच्या अंगाला हाय तो. तुम्ही जाता तिथं? दर बुधवारी? — मग तो नसंल. दुसरा असंल. मला वाचता येत नाय, पाट्या कोण बघतं. आन इतकं वाकून काय बघता त्याच्या पाठीवर? रोगानं केस असे पट्ट्या-पट्ट्यानं जात नायत म्हणता. लई बारीक नजर हाय तुमची. मास्तरीण हायत का फौजदार? खरं सांगा, सायबांनं काय सांगून पाठवलंय — म्हातारा कुत्र्याला मारतो का बघा, हेच ना? सायबांच्या सत्यमदादाला चावला त्या दिसापासून घरातलं जो तो माह्याकडं तसाच बघतो. दादानं बिचाऱ्यानं लाडानं मानेला धरलं, उरलेसुरले केस विंचरावे म्हणून, आन ह्यानं मनगट फोडलं, सहा टाके पडले. दोन वर्षांत कोणावर गुरकावलं नव्हतं हे कुत्रं. सायब तिथंच म्हणले, मॅडम तीन दिस बघतील, सुधरणार म्हणल्या तर ठेवू, नायतर रविवारी फर्दापूरला पाव्हण्याच्या हॉटेलावर राखणीला. तिथली राखणीची जागा बघितलीय मी. पत्र्याची शेड, साखळी चार हात. मे महिन्यात पत्र्याखाली — मेलंच की ते. आन उद्या रविवार हाय.

तुम्ही काय सांगणार मग सायबांना? — विनाकारण चावतो? आसं कसं विनाकारण? कारण कळलं नाय तर तेच लिहावं लागंल, आन विनाकारण चावणारा घरात ठेवा असं तुम्ही म्हणू शकत नाय. व्हय. म्हणजे तुमच्या हातात बी नाय ते.

मी मारलं नाय त्याला. माह्या दोन्ही लेकरांची शपथ, हात उचलला नाय. एप्रिलात बघवत नव्हतं हो त्याच्याकडं. लाइट गेलेली, घरात कोणी नाय, जीभ हातभर बाहेर, कुशी भात्यावानी हालू ऱ्हायल्या, आन अंगावर ही एवढी लोकर. बर्फातलं जनावर, कोणी आणलं ह्या मुलखात? मला एकच ठाऊक, आम्ही ऊन तापायच्या आधी मेंढरं कातरतो. कातरून सोडली की मेंढी उड्या मारत जाते, इतकं हलकं वाटतं तिला. कातर होती माह्या ट्रंकेत — सारं इकलं, ती नव्हती इकली — धार लावली तिला. मेंढीवानी आडवा पाडला, चारी पाय एकात बांधले, मान गुडघ्याखाली घेतली. मेंढी अशी धरली की गप होते. हा आधी लई ओरडला, मुतला बी, मग गप झाला. मला वाटलं, कळलं त्याला, बरं वाटू ऱ्हायलं. कुठं ओरखडा नाय येऊ दिला, आता बघताच हाय तर बघा, सापडतो का एक. पन्नास वर्षांचा हात हाय. आन तिसऱ्या दिशी पाठ लाल झाली, फोड उठले, हौदामागं जाऊन बसला, माह्या हातचं पाणी सोडलं त्यानं. घरचे यायला एकच दिस उरला. तव्हा मला तो चर्मरोग सुचला.

काय? केसच ऊन आडवतात? खालचे मऊ, वरचे राठ, दोन पदर, आन वरचा पदर ऊन आत जाऊ देत नाय... म्हंजी माह्या मुंडाशावानी. अरे देवा. मी भर दुपारी मुंडासं कधी उतरवलं नाय, आन त्याचं उतरवून ठेवलं. आन तो गप झाला तो कळलं म्हणून नाय. भ्याला म्हणून. आता मानेला कोणी हात घातला की त्याला वाटतं, परत बांधू ऱ्हायले. — मग मेंढरं बी भिऊनच गप होत असतील का हो? नका सांगू. ते नका सांगू मला.

काढा वही. लिहा — मुंजाबानं पाय बांधून कातरलं, म्हणून चावतो. नाव पुरं लिहा, मुंजाबा कडुबा, नायतर सायबांना वाटंल दुसऱ्या कोणी केलं. कारण हाय म्हणल्यावर सुधरतो ना? — सुधरतो. कसं? हात नाय लावायचा, बोलवायचं नाय, लांब बसायचं, त्याच्याकडं बघायचं बी नाय, आन त्याला वाटंल तव्हा त्यानं यायचं. किती दिस? तुम्हाला बी सांगता येत नाय. असू दे. मेंढी जनायला बसली की रात रात बसलोय मी.

नाय, मी आत येत नाय. तुम्हीच सांगा. सायबांपुढं उभा ऱ्हायलो तर माही जीभ परत चर्मरोगच म्हणंल, मला माहीत हाय ना ती. काढतील मला, काढू द्या. काढलं तर गेटाबाहेर बसंन, जाळीतून दिसतं त्याला. पण फर्दापूरची गाडी येऊ देऊ नका ताई, तेवढं आधी बोला, मग माहं बोला.

असा बसू? पाठ करून? बघू ऱ्हायला का तो? — नाय ना. नसू दे. जा तुम्ही. सावकाश जा, पाऊल वाजवू नका, वाजलं की मागं सरतो तो.