ठमी वर्षातून दोनदा रुसते

—नाही नाही, चावायची नाही ती, तुम्ही पाय खाली सोडून निवांत बसा. वास घेतेय फक्त. तुमच्या पँटला ताईंकडच्या त्या पैलवान कुत्र्याचा वास असणार ना, म्हणून एवढं बारकाईनं चाललंय, एरवी पाहुण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. पाहुणे तरी कुठे येतात म्हणा. चहा टाकलाय मी. घ्या हो, अर्धा कप घ्या. ताईंनी भावाच्या शब्दावर तुम्हाला गाडी देऊन धाडलंय, ठमीला न्यायचंय, हे ठाऊक आहे मला. सकाळीच ह्यांचा निरोप आला — ‘ताईकडचा ड्रायव्हर येईल, ठमीला त्याच्या ताब्यात दे, म्हणजे तुझी सुटका’ — तिची वाटी, पांघरूण, तो चावून चावून चोथा झालेला चेंडू, सगळं त्या पिशवीत भरून दाराशी ठेवलंय. मी अडवत नाहीये. फक्त चहा होईस्तोवर बसा.

तुम्ही ताईंकडे बरीच वर्षं आहात ना, म्हणजे ह्यांच्या आईंना बघितलं असेल तुम्ही. मी नाही बघितलं. माझं लग्न ठरायच्या आधीच गेल्या त्या. फोटोत बघते तेवढंच — कपाळाला आठी, आणि मांडीवर ही, तीही आठी घातल्यासारखीच. ठमी त्यांची. नाव त्यांनीच ठेवलेलं. आता ह्यांना विचाराल तर म्हणतील, कुत्री माझी, आईनं जाताना माझ्या हवाली केलीय. पण ती दूध पिते का, गडगडलं की कुठे जाऊन लपते, हे विचारा, डोकं खाजवतील. कॉटखाली लपते. माझ्या बाजूच्या. म्हणजे आता दोन्ही बाजू माझ्याच आहेत, पण तरी.

हे बोगद्याच्या कामावर असतात, ते तर तुम्हाला माहितीच आहे. लग्नात आलेले खोके उघडून व्हायच्या आत परत कामावर हजर झाले. डोंगर कुठे पळून जाणार होता, पण नाही. आणि तिथे पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत चौघं, बायकोला न्यायची सोय नाही. दगड कडक लागला की यायचं लांबतं, पाणी लागलं की आणखी लांबतं. परवा तर मऊ माती लागली म्हणून लांबलं. मला वाटलं होतं मऊ लागणं चांगलं असतं. तसं नसतं म्हणे, मऊ ढासळतं. मी आता त्या विषयाच्या परीक्षेला बसले तरी पास होईन.

साखर बरोबर आहे ना? — हां.

तर एक दिवस सकाळी बघते तो फरशीवर थेंब. लाल. स्वयंपाकघरापासून थेट पलंगापर्यंत. मला वाटलं पायात काच गेली. चारही पंजे तपासायला तासभर हिच्या मागे फिरले — ही बाई उजवा पंजा दिला की डावा काढून घेणार — आणि मग लक्षात आलं, रक्त पंजातून येतच नाहीये. आमच्या माहेरी मांजरसुद्धा नव्हतं कधी. वाटलं हिला काहीतरी भयंकर झालंय आणि माझ्या हातात असताना झालंय, नवी सून आली आणि कुत्री मारली, असंच म्हणणार सगळे. ह्यांना फोन लावला. तर म्हणतात कसे, ‘काही नाही गं, रुसली असेल.’ म्हटलं, अहो रक्त येतंय, रुसली काय? ‘ठमी वर्षातून दोनदा रुसते,’ म्हणाले. ‘मग आई तिला मागच्या खोलीत ठेवायची. दोन-तीन आठवडे गेले की राग जायचा, यायची बाहेर.’ — हसा तुम्ही, खुशाल हसा. डोंगराला सुरुंग कुठे लावायचा ते ह्या माणसाला अचूक कळतं. आणि आईनं लहानपणी काही नाही, चांगलं नोकरीला लागल्यावर सांगितलेलं, कुत्री रुसलीय, ते ह्यांनी आजपर्यंत खरं मानलंय. म्हणजे त्या बाईंनी कसं निभावलं असेल बघा. घरात नवरा, मुलगा, आणि कुणाला पत्ता नाही. दार लावायचं, फरशी पुसायची, आणि जेवायला वाढताना सांगायचं — रुसलीय.

मग मी मागची खोली उघडली. उघडलीच नव्हती तोवर, मला कुणी उघड म्हटलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या घरात आपण कशाला — म्हणजे माझंच घर, पण सवय व्हायला वेळ लागतो. ट्रंकेच्या मागे एक चादरीची घडी, आणि त्या घडीत लंगोट. कुत्रीचे. शेपटीला भोक ठेवून, कडेनं नाडी, आतून मऊ फडक्याची दुहेरी पट्टी, सगळं हातशिलाई. आणि कापड कशाचं, तर ह्यांच्या शाळेच्या शर्टांचं. एकावर खिसा तसाच, खिशावर शाळेचा बिल्ला. मी तिथेच जमिनीवर बसून हसत सुटले. लग्नानंतर पहिल्यांदा ह्या घरात मोठ्यानं हसले असेन. सासू भेटली ती मला त्या दिवशी. वाटलं, ह्या असत्या तर आम्हा दोघींचं जमलं असतं.

पुढचं सगळं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, घाबरू नका, माजावर आलीय. तुम्हाला सांगायला मला लाज वाटायला हवी खरं तर, पण तुम्ही घरातलेच, आणि आता सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. सुरुवातीला खालचा भाग सुजतो, रक्त जातं, सारखी चाटत बसते, दर चार पावलांवर लघवी करते — ती लघवी नव्हेच, ती चिठ्ठी असते म्हणाल्या, वाचणाऱ्यांना लांबून वाचता येते. आणि खरंच. दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी मंडळी हजर. तुम्ही आलात तेव्हा बघितलीत ना? तो कान फाटलेला काळा, तो पुढारी. तो गुबगुबीत पट्टेवाला, चांगल्या घरचा दिसतो, घरी काय सांगून येतो देव जाणे. आणि तो बुटका, ह्यातल्या कुणाच्या पोटाखालून तो सहज निघून जाईल, पण सगळ्यात जास्त आशा त्यालाच. आणि ही तर कुणाला उभं करत नव्हती हो. काळ्यानं फाटकातून नाक घातलं तर असं दात विचकून धावली की तो रस्त्याच्या पलीकडे. आधीचे सगळे दिवस हे असंच असतं. तरी गेले नाहीत ते. ऊन तापलं तरी बसून. खाल्लंय की नाही कोण जाणे. मी दुपारभर खिडकीत उभी राहून बघत होते. कुणासाठी म्हणून कुणी दारात असं बसून राहतं, हे बघायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू — जाऊ दे. तुमचा कप रिकामा झाला. देऊ अजून?

आता थांबलंय म्हणता? ताईंनी तसं सांगितलं तुम्हाला? — हो, थेंब थांबलेत, मीच फोनवर सांगितलं होतं ह्यांना. आणि ह्यांनी ताईंना सांगितलं, आणि ताई म्हणाल्या, थांबलं ना, मग संपलं, आत्ताच गाडी पाठवते. अहो इथेच तर चुकतंय. ताईंना दोष देत नाही, मलाही तेच वाटलं होतं. बायकांचा हिशोब आपण तिला लावतो — रक्त थांबलं की सुटलो, डोक्यावरून पाणी घ्या आणि लागा कामाला. तिचं उलट असतं. रक्त जातं ती नुसती तयारी. ते फिकट होत होत मातकट पाण्यासारखं झालं, दिसेनासं झालं, की खरे दिवस सुरू होतात. मी तर त्या दिवशी लंगोट धुऊन दोरीवर घातले, मागचं दार सताड उघडं टाकलं, म्हटलं जा बाई, हुंदड. नशीब, अंगणाची भिंत उंच आहे. कशावर चढून आला कोण जाणे, भिंतीवर बुटक्याचे पुढचे दोन पाय दिसले आणि ही खाली उभी, शेपूट एका बाजूला वळवून, शांत. काल-परवापर्यंत फाडून खायला उठणारी. मी धावत जाऊन उचलून आत आणली आणि डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, आता आठ-दहा दिवस डोळ्यांत तेल घालून बसा. आता ती कुणालाही नाही म्हणणार नाही.

कुणालाही म्हणजे पैलवानालासुद्धा. आणि तो ताईंकडे मोकळाच असतो ना अंगणात? वासराएवढा आहे तो. तुम्हालाच चावला होता ना एकदा, ताई सांगत होत्या. ही केवढी, बघा. आणि आठ-नऊ वर्षांची, एकदाही व्याली नाही आजवर. ह्या वयात पहिलटकरीण, आणि पोटात पैलवानाची पिल्लं — डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिवावर बेतेल. तुमच्या गाडीतून ही उतरेल आणि संध्याकाळच्या आत व्हायचं ते होऊन जाईल. ताईंनी दोघांना वेगळं ठेवायचं म्हटलं तरी त्यांच्याकडे माणसांची ये-जा केवढी, दार कोण लावतंय. आमच्याकडे कसं, दार उघडायलाच कुणी नाही.

हं? — तीन आठवड्यांनी येता? हो. तेव्हा चालेल. तेव्हा सूज उतरलेली असेल, फाटकापाशी कुणी नसेल, धोका नाही काही. मग पुढे दोनेक महिने थांबून ऑपरेशन करून घेता येतं, लगेच करत नाहीत, आत रक्ताचा जोर असतो. करायलाच हवं, कारण कुत्रीचं आपोआप बंद होत नाही कधी, म्हातारपणीसुद्धा येतंच, फक्त लांब लांब. ताईंना सांगा हे सगळं, त्या करून घेतील. त्या नीट सांभाळतील, मला खात्री आहे. तीन आठवड्यांनी या तुम्ही. नाहीतर — नको. तेव्हाही नको.

बसा. बसा हो एक मिनिट, उठू नका असे.

तुम्हाला काय सांगितलंय? नव्या वहिनींना कुत्र्याचा त्रास होतो, हेच ना? ते मीच सांगितलं. रोज रात्री फोनवर रडून सांगितलं. सोफा खराब केला म्हटलं. नव्हता केला, माझ्याच हातून चहा सांडला होता त्यावर, ह्या इथे. गल्ली तक्रार करते म्हटलं. कसली तक्रार, समोरच्या आजोबांनी विचारलं, कुत्री माजावर आलीय का, आणि आमच्या वेळी काय करायचो ते सांगत बसले. बरे आहेत आजोबा. मला झेपत नाही, मला रात्री झोप नाही, एकटीनं होत नाही, असं सगळं म्हटलं. मला वाटलं, येतील. एका दिवसापुरते का होईना. माझ्यासाठी रजा मागता येत नसेल तर आईच्या कुत्रीसाठी मागतील, साहेबाला सांगायलाही बरं. मी आता ‘येताय का’ असं कसं विचारायचं? लग्न होऊन किती दिवस झालेत, लगेच बायको बोलावते म्हटल्यावर त्या चौघांच्या खोलीत हसतील ह्यांना. म्हणून ठमीचं नाव पुढे केलं. तर ह्यांनी गाडी पाठवली. त्यांचं तरी काय चुकलं? बायको म्हणते कुत्रीचा त्रास, तर कुत्री हलवा. दगड आडवा आला की तो काढून पुढे जायचं, हेच तर काम आहे त्यांचं. मलाच सांगता आलं नाही की तो दगड नव्हे. हिच्यामुळे तर सकाळी कुणाशी तरी बोलते मी. नाहीतर घड्याळाची टिकटिक, आणि ते सुद्धा लग्नात आलेलं.

तुम्ही काही ऐकलं नाही असं समजा. का बोलले मी एवढं, कोण जाणे.

वाजतोय बघा तुमचा. — ह्यांचा? ह्यांचा फोन, तुमच्या फोनवर? दुपारी रेंज नसते म्हणाले होते मला. — आणा. द्या इकडे, मी बोलते.

हॅलो. मीच आहे. नाही, निघाले नाहीत अजून, चहा घेतायत. — थांबा, आधी माझं ऐका. ठमी जाणार नाही. — नाही, संपलेलं नाही, ते ताईंना नका विचारू, मला विचारा, आता मला ते सगळं येतं. — त्रास नाही. मला तिचा काही त्रास नाही, मी खोटं सांगत होते तुम्हाला. — सोफा चांगला आहे. — कशासाठी म्हणजे? तुम्ही यावं म्हणून. — हो. — हो, एवढंच. दुसरं काही नव्हतं. तुम्ही या. — हसू देत त्यांना. — हॅलो? आहात ना?

मागचं मशीन ऐकू येतंय तेवढं.

— हं. — हं. बरं.

घ्या फोन. बघतो म्हणाले.

तुम्ही निघा आता, दादा, अंधार व्हायच्या आत पोचाल. ताईंना सांगा, वहिनी नाही म्हणाल्या. ह्यांचं नाव नका घेऊ, माझंच घ्या. ती पिशवी राहू दे तिथेच, मी उचलते. दार जरा फटीएवढंच उघडा, मी हिला धरून ठेवते. — नाही, वाईट वगैरे काही वाटलेलं नाही मला. निघा तुम्ही.