हत्ती कोणीकडं उभे करावे

हॅलो?… हॅलो? हो, बिडी कारखान्याचं हापीस… हो, गोंदिया… मीच, मीच खेमराज! ताई? अवं, तू नागपूरहून ट्रंककॉल लावला?

नाई, नाई… मले काईच झालं नाई. खाऊन-पिऊन चांगला आहे.

सकाळच्या गाडीनं आलो नाई, बरोबर… भाऊजी टेशनावर उभे होते? दोन घंटे?… अरे बापा! चुकलं माझं. माफी सांगजो त्याईले.

हो, हो… अवं ऐक ना. सोमवारी हजर व्हाचं, ठाऊक आहे मले. रेल्वेच्या हापिसात नकाशे गिरवाचे, पक्की नोकरी, भाऊजींनं साहेबाच्या हातापाया पडून… हो… ऐक तर वं! मी येत नाई.

…हॅलो? ओरडू नको वं!

डोकं नाई फिरलं. मले गुरू भेटला, ताई.

साधू नाई वं! दाढीबिढी काई नाई. शालीकराम काकाजी. बिडीच्या कट्ट्यावरचं, म्हणजे बंडलावरचं, लेबल काढतात. भाऊजींच्या खिशात बदकछाप कट्टा असते ना… ते बदक काकाजींचं! तीस वर्षं झाली, शेठचा माल त्या बदकावरच विकून राहिला.

कसे भेटले?… हसजो नको मात्र.

मी दोन हत्ती काढले होते लेबलासाठी. महिनाभर घासून. आजूबाजूले उभे, तोंडं बाहेर, पहारा देऊन राहिले असे. शेठले दाखवाले आणले. शेठ म्हणे, वा वा. काकाजी तिथंच चटईवर. त्याईनं माझा कागद उचलला, कट्ट्यावर गुंडाळला, फळीवर ठेवला. म्हणे, "दहा पावलं मागं जाऊन पाह्य."

मागं गेलो… ताई, दोन्ही सोंडा कट्ट्याच्या मागं! समोर नुसती दोन ढुंगणं!

…हास. हास पोट धरून. हापिसातले मुनीमजीही असेच हसले होते… अवं पण टाइम जाऊन राहिला! तीनच मिनिटं मिळतात!… झालं? झालं का तुझं?

मग काय, कागद तिथंच सोडून पळालो. पार रेल्वे फाटकापर्यंत. म्हटलं, पुन्हा ब्रशाले हात लावाचा नाई. तर मागून आवाज, "ए हत्तीवाल्या!" काकाजी! भर उन्हात, पायात चप्पल नाई, हातात तोच कट्टा. म्हणे, "हत्ती झकास आहेत, बेटा. उभे कोणीकडं करावे, ते मी सांगतो."

एवढंच… मले तिथंच रडू आलं. आजवर कोणी म्हणे वा वा, कोणी म्हणे हे रिकामे धंदे सोड. चुकलं कुठं, ते कोणी सांगतच नव्हतं ना वं!

वीस दिस झाले, त्याईच्या बाजूले बसतो. सपाट कागद बंद. कागद कट्ट्यावर गुंडाळूनच काढाचं. आता एकच हत्ती, सरळ घेणाऱ्याकडं पाहाते. परवा आमगावच्या बाजारात पाच कट्टे मांडून बसलो, हातानं रंगवलेले. एक म्हातारा आला, चैतराम म्हणून. अक्षर येत नाई त्याले. बोट दाखवून म्हणे, "तो हत्ती दे." ताई, आमगावहून गोंदियापर्यंत सायकलवर ओरडत आलो मी!

मग अडलं कुठं?… तुझ्यापाशी अडलं. हे वीस दिस नुसती परीक्षा होती. काकाजी म्हणतात, पुढं शिकवाचं तर घरून हो पाहिजे. पहिले एक पोरगा होता. तीन वर्षं शिकवला, हात बसला, अन् भाऊ येऊन घेऊन गेला धानाच्या कामाले. तवापासून काकाजींनं कोणाले बसवलं नाई. आता मले ना माय, ना बाप. माझं घर म्हणजे तूच.

…काय? टाइम झाला? टेलिफोनवाली बोलून राहिली… तू अजून तीन मिनिटं घेतली? ताई!

त्याईलेच बोलाव म्हणते? थांब, इथंच चटईवर आहेत… काकाजी, माझी ताई!… नाई म्हणतात. फोनले भेतात वं! शेठले भेत नाई हा माणूस! तू मले सांग, मी विचारतो.

काकाजी, ताई म्हणते, हा जेवते कुठं?… त्याईच्याच घरी. काकी मले पहिले वाढते, मग त्याईले.

मारता का म्हणते… मारत नाई म्हणतात. कागद फाडतात… हो, खरंच फाडतात.

ताई विचारते, सारं शिकवाल, का हातचं राखून?… थांब, ताई, ब्रश खाली ठेवला… म्हणतात, "पासष्टी आली माझी. राखून ठेवू कोणासाठी?"

…ताई? ऐकलं ना? हो का नाई, सांग वं.

…हो… हो… सांगतो. काकाजी, ताई म्हणते, भाऊ तुमच्या हवाली. तीन वर्षांनी काय, मी त्याले कधीच न्याले येत नाई.

अवं, डोळे पुसून राहिले! रंगाच्या फडक्यानं! अर्धा गाल लाल… म्हणतात, डोळ्यात रंग गेला. कायचा रंग!… तू कायले रडते?… मी? मी नाई… हो, मीही.

काय, काकाजी?… ताई, ठेवतो, ठेवतो! म्हणतात, बोलणं झालं असंल तर हात धुऊन कामाले बस… आलो, काकाजी!