शेजारच्या जिल्ह्याचा कालवा

जपानमध्ये, सेंदाईला बसच्या रांगेत माझ्या पुढे दोघी मराठीत बोलत होत्या.

“चैत्राली, तुला बरी पहिल्याच फेरीत ग्रँट मिळाली. माझा अर्ज दोनदा परत आला.”

“मिळेल गं, सुप्रभा. तुझ्या थीसिसमधल्या त्या इंजिनीअरचं पुढे काय झालं?”

“तैवान जपानची वसाहत असताना त्याने कालवा आखला, आणि सरकारने पैसे दिले शेजारच्या जिल्ह्याच्या कालव्याला. जळफळून त्याने चाळीस पत्रं लिहिली.”

“मग त्या कालव्याच्या उद्घाटनाला गेला?”

“नाही. ताप आल्याचं कळवलं.”

“खरंच आला होता?”

“छे, त्याच दिवशी एक्केचाळिसावं पत्र लिहिलंय.”

“बिचारा. शनिवारी ग्रँटची मिसळ करतेय. येशील ना?”

“आले असते गं, पण सकाळपासून घसा धरलाय.”