वास ओढणारे दाणे

दवाखान्याच्या बाकावर मावशी गुडघा चोळत बसल्या होत्या. शेजारच्या जोडप्याचं बोलणं त्यांना ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

"तुझं डोकं कधीपासून दुखतंय, असं विचारतील."

"तुम्ही ते कोळशाचे काळे दाणे आणलेत तेव्हापासून. कपाटाचा कुबट वास जावा म्हणून."

"त्यांचा काय संबंध? कारखान्यात आम्ही पेट्रोल त्यांतूनच गाळतो. त्यातलं विषारी बेंझीन ते दाणे धरून ठेवतात."

"आणि मग?"

"मग काय? बसतं आत."

"अहो, तुम्ही आणलेत ते नवे ना?"

"नवे कोण देतंय फुकट? गाळून झालेले."

"म्हणजे विष पिऊन बसलेले!"

"सोडत नाहीत गं ते. भट्टीत तापवले तरच सोडतात."

"आपलं कपाट शेगडीच्या वर आहे."

"शेगडीच्या वर?"

"हो. पण ओढणारी वस्तू सोडते कशी? मला काहीच कळेनासं झालंय."

"मलाही. म्हणजे, भट्टी वेगळी, शेगडी वेगळी... दाण्यांची पिशवी कपाटातच आहे ना?"

"नाही. दुपट्यांना वास येतो म्हणून आईंनी सकाळी बाळाच्या पाळण्याखाली ठेवली."

"खोलीतला हीटर?"

"चालू आहे. थंडी आहे ना."

"आईंना फोन लाव."

"वाजतोय नुसता. बाळाला निजवून त्याही झोपल्या असतील."

नर्सने त्या जोडप्याचा नंबर पुकारला. बाकावर फक्त त्या बाईंची पर्स होती. ती उचलून मावशी लंगडत दारापर्यंत गेल्या, तोवर दोघं धावत रस्त्यापलीकडे पोचली होती.