हवा गेली तर

टायरच्या दुकानातल्या बाकावर शिक्षिकाबाई आपल्या गाडीचं पंक्चर निघायची वाट बघत बसल्या होत्या. हातात पेपर होता, पण कान शेजारच्या बापलेकीच्या आणि दुकानदाराच्या बोलण्याकडे लागले होते.

“हवा गेली तरी हा टायर चालतो म्हणता?”

“हो काका, रनफ्लॅट आहे. बाजू जाड असतात, गाडी सावकाश घरापर्यंत जाते.”

“मग हवा भरायचीच कशाला?”

“बाबा!”

“अगं, समजून घेतोय. आणि घरी पोचल्यावर?”

“बहुतेक वेळा टायर नवाच घ्यावा लागतो.”

“घ्या! त्यापेक्षा साधा बरा. स्टेपनी लावली की काम झालं.”

“लावणार कोण, बाबा? रात्रपाळीहून मी एकटी येते.”

“मी येतो की. आजवर कोण आलं?”

“तेव्हा तुमचं ऑपरेशन झालं नव्हतं. डॉक्टर म्हणालेत, जड उचलायचं नाही.”

“फोन उचलू नका, असं नाही म्हणाले.”

बाईंनी न वाचताच पान उलटलं.

“ताई, कुठले बसवू?”

“थांबा हो, आता माझाच गोंधळ झालाय. बाबा, रनफ्लॅट घेतले तर तुम्ही निवांत झोपाल?”

“छे! जागा तर मी तसाही असतो.”

“मग दादा, साधेच बसवा. आणि बाबा, पंक्चर झालं की फोन करीन. चाक मी बदलीन, तुम्ही शेजारी उभं राहून चुका काढायच्या.”

“त्या निघतीलच. नट कुठल्या बाजूला फिरवायचा, तेही तुला माहीत नाही.”

“म्हणून तर म्हणतेय, या.”