गवंडणीचा पूल

दुरुस्तीनंतर जुना पूल आज लोकांसाठी उघडत होता. रांगेत माझ्या पुढे नवरा, बायको आणि त्यांची लहानगी मुलगी.

“आई, गवंडणीचा पूल का म्हणतात?”

“बाबांना विचार. दुरुस्ती त्यांनीच तपासलीय.”

“नंतर सांगतो गं.”

“मीच सांगते. पूल बांधून झाला, पण खालचे टेकू काढायला कोणी धजेना. गवंडी म्हणाला, माझी बायको पुलाखाली बसेल, मग काढा. ती तान्ह्या बाळाला घेऊन बसली. टेकू निघाले, पण पूल तसूभर हलला नाही.”

“तिला भीती नाही वाटली?”

“नवऱ्याचं काम होतं ना ते!”

“ऐक ना, आपण नंतर कधीतरी येऊ. गर्दी बघ किती आहे.”

“या पुलापायी घरी धड जेवला नाहीस, आणि आज पाय मागे?”

“डोकं दुखतंय.”

“आणि हा घाम? सगळं ठीक आहे असं साहेबांना तूच सांगितलंस ना?”

“सांगितलं.”

“मग?”

“त्यांना पूल आजच उघडायचा होता.”

“मी ते विचारत नाहीये.”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“चला, पुढचे या!” पहारेकऱ्याने पुलाच्या तोंडाशी बांधलेला दोर सोडला.

“बाबा, चला ना!”

“तिचा हात सोडू नकोस. तिला मागे घे. मागे घे म्हणतो ना!”

मुलीला मागे घेत बायको पहारेकऱ्याला म्हणाली, “दादा, तो दोर पुन्हा बांधा. यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”